अठरा स्टड आणि हुकाचा काटा

मु. पो. तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड
कोजागिरीचा दुसरा दिवस, रविवार, ऑक्टोबर १९९६

आदरणीय रुद्रेशअण्णा यांस,

तलवाड्याहून तुमच्या बहिणीच्या, बसम्माच्या नवऱ्याचा, म्हणजे वैजिनाथाचा, मनापासून शरणार्थ. वहिनींनाही सांगावा. तुमच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? कुर्ल्याच्या गोदामात दिवसभर जपानी भंगार इंजिनांवर चढउतार करायची म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच. बसम्माचं म्हणणं, तिळाचं तेल कोमट करून चोळावं. माझं म्हणणं, बेअरिंगचं ग्रीस लावावं. (गंमत केली. पण लावून बघायला हरकत नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त माझा उजवा अंगठा तेवढा खुशाल नाही. त्याची हकीकत पुढे ओघाने येईलच. तूर्त अक्षर वाकडंतिकडं आलं आहे ते त्याच्यामुळे, एवढं ध्यानात घेऊन वाचावं.

तुमचं कार्ड पोचलं. त्यात तुम्ही लिहिता की हमालाने चिठ्ठ्यांची अदलाबदल केल्यामुळे बसम्माच्या गिरणीसाठी काढून ठेवलेलं डिझेल इंजिन गोदामातच राहिलं आणि मोटारींच्या शर्यती करणाऱ्या कुणा शेठचं इंजिन तलवाड्याला रवाना झालं. शेठ रोज गोदामात येऊन स्टुलावर बसतो. तरी इंजिन न उघडता, पोत्यातून बाहेरही न काढता, आल्या ट्रकने परत पाठवावं. अण्णा, आजवर मी तुमचा शब्द कधी खाली पडू दिला आहे का? (लग्नातली फेट्याची भानगड सोडा, त्याला वीस वर्षं झाली.) पण काय करणार, कार्ड फार उशिरा मिळालं. पोस्टाचा कारभार तुम्ही जाणता. आता ते इंजिन परत येऊ शकत नाही. का येऊ शकत नाही, हे तुम्हाला नीट समजावं म्हणून हा चांगला रेघांचा कागद घेऊन बसलो आहे. सगळं वाचून झालं की तुम्हीच म्हणाल, शेठला बसू द्या स्टुलावर.

मुळात आमची निकड काय होती ते तुम्हाला ठाऊकच आहे, तरी कागदावर आलेलं बरं. गिरणी बसम्माची. दोन म्हशी विकून तिने ती घातली, तीही मी घरी बसल्यानंतर. (घरी बसलो म्हणजे आमचं कापसाचं जिनिंग-प्रेसिंग बंद पडलं तेव्हापासून. अठरा वर्षं तिथे फिटर होतो, एकदा सकाळी गेलो तर फाटकाला कुलूप. त्यावर मी फार विचार करत नाही. माणसाला विश्रांतीही हवी असते.) गिरणी चालते लाईटवर, आणि लाईट चालते स्वतःच्या मर्जीवर. बायका डबे रांगेत ठेवून ओट्यावर बसायच्या, तास दोन तास वाट बघायच्या, आणि मग एकेक डबा उचलून सुंदररावच्या गिरणीकडे चालू लागायच्या. सुंदररावकडे जुनं तेलाचं इंजिन आहे, ते खोकत का होईना पण चालतं. आता दिवाळी तोंडावर. भाजणी, अनारशाचे तांदूळ, बेसन, सगळ्या गावाचं दळण त्या आठ-दहा दिवसांत पडतं, आणि दिवाळीचं दळण ज्या गिरणीत गेलं तिथेच वर्षभराची ज्वारी जाते. बसम्मा स्पष्ट म्हणाली होती, “दिवाळीला दगड फिरला न्हाई, तर गिरणी मोडून टाकीन आन् लोकांच्या शेतात खुरपायला जाईन.” ती बोलते तसं करते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तर इंजिन आलं गणपतीच्या दिवसांत, भारतच्या ट्रकमधून. भारत म्हणजे आपल्या गावचाच ड्रायव्हर, कुर्ला-तलवाडा करणारा, तुम्ही त्याला ओळखताच. पोतं काढलं, धूळ झटकली, आणि अण्णा, मी भोवती दोन फेऱ्या मारल्या. इंजिनाला हेडच नाही! व्हॉल्व्ह नाहीत. पुढचं झाकण उघडून बॅटरी लावून आत बघतो तर पिस्टन नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही, काही म्हणजे काही नाही. अठरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने यावरून काय समजायचं? मी तडक हॉटेलात गेलो आणि चहा पीत बसलेल्या भारतला चारचौघांत विचारलं, पिस्टन कुठे विकलेस? तो बिचारा आधी हसला, मग उठला, मग ट्रकमधली गादी, स्टोव्ह, जेवणाचा डबा, अंथरायची ताडपत्री, सगळं रस्त्यावर आणून त्याने उलटं करून दाखवलं. “मी कावून चोरीन बे पिस्टन? खाऊ का त्येला?” असं तो ओरडला तेव्हा निम्मा गाव गोळा झालेला होता. त्याच्या आईची शपथही त्याने घेतली आणि त्याची आई, भिमाबाई, तिथेच भाजी घेत उभी होती, तिने मला जे ऐकवलं ते या कागदावर मावणार नाही.

घरी येऊन मी इंजिन पूर्ण खोललं, तेव्हा उलगडा झाला. या इंजिनात पिस्टन असतातच कुठे! आत तीन कोपऱ्यांचा एक जाड लोखंडी ठोकळा, बाजू जरा फुगीर, गोलसर पोकळीत गरगर फिरणारा. असे दोन, एकामागे एक. वरखाली काही होतच नाही, नुसतं फिरणं. हवा-पेट्रोल ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर फेकणं, सगळं त्या तीन कोपऱ्यांनी फिरता फिरता उरकायचं. अण्णा, जन्मभर मी वरखाली हापटणारी इंजिनं बघितली. हे बघितलं आणि मला आपल्या बेलाच्या तीन पानांची आठवण झाली. मी मनात हात जोडले. खरं सांगतो, तीन वर्षांत मला एखादी वस्तू इतकी सुंदर वाटली नव्हती. भारतला दोन वेळचं जेवण घालून माफी मागितली. त्याने जेवण केलं, माफीचा विचार करतो म्हणाला.

इंजिन पुन्हा जोडलं, पाण्याची टाकी जोडली, पट्टा चढवला, आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चालू केलं. काय तो आवाज! सुंदररावचं इंजिन खोकतं, हे गातं. चहाची कपबशी वर ठेवली तर कपातला चहा हलत नव्हता. (ठेवली होती. कप फुटला तो नंतर, आणि माझ्या कोपराने.) दगड एवढा वेगात फिरू लागला की पट्ट्याची पुली दोनदा बदलून वेग उतरवावा लागला, पहिल्या डब्याचं पीठ इतकं गरम निघालं की बसम्मा म्हणाली, याची भाकरी आता थापायचीच राहिली, भाजून झालीच. पुली बदलल्यावर छान चाललं. पण बसम्माने पसाभर नाही, पायलीभर ज्वारी एकदम ओतली आणि दगडावर भार आला, तसं इंजिन कण्हलं, थरथरलं, आणि मागच्या नळीतून पांढरी वाफ भसाभसा बाहेर. टाकीतलं पाणी इंजिनाच्या पोटात. बंद.

आता यातली तांत्रिक बाजू तुम्हाला समजायला हवी, कारण शेठला तुम्हालाच समजवावी लागणार आहे. साध्या इंजिनाचं अंग एका तुकड्याचं ओतलेलं असतं. याचं तसं नाही. पाच ताटल्या एकावर एक रचलेल्या, जाड-पातळ, आणि त्या सगळ्यांतून आरपार जाणारे अठरा लांब बोल्ट. म्हणजे आपला जेवणाचा पुडांचा डबा. डब्याची कडी ढिली असली तर बसमध्ये धक्का बसला की वरणाचा पूड सरकतो आणि वरण भाताच्या पुडात उतरतं, तसंच इथे. शर्यतीत गाडी हळूहळू जोर घेत असेल, इथे पायलीभर ज्वारी एकदम दगडाखाली आली की सगळी ताकद झटक्यात लागते, ताटल्या एकमेकींवरून केसभर पिळल्या जातात, आणि पाणी नको तिथे उतरतं. ते मूळचे बोल्ट बारीक, करंगळीएवढे. जपान्यांनी इंजिन केलं उत्तम, पण ज्वारीचा विचार केला नाही. मी तिथल्या तिथे निर्णय घेतला: बोल्ट काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी जाड, कडक पोलादाचे स्टड घालायचे, दोन्ही टोकांना आटे, वर नट, खाली नट, की ताटल्यांनी पुन्हा हलायचं नाव काढू नये.

नवरात्रात पाचही ताटल्या दोन पोत्यांत बांधून एसटीने बीडला नेल्या. कंडक्टरने पोत्यात काय आहे विचारलं, मी म्हणालो भांडी. त्याने पोतं उचलून बघितलं आणि माझ्या घरातल्या बाईविषयी सहानुभूती दाखवली. बीडला उत्तरेश्वर लेथवाला माझा जिनिंगपासूनचा दोस्त. ट्रकच्या मोडलेल्या हाफ शाफ्टचं, म्हणजे चाकाच्या दांड्याचं, पोलाद त्याने शोधलं. ते इतकं चिवट की लेथवर त्याचे तीन टूल बोथट होऊन बसले आणि चौथ्याला त्याने आधी उदबत्ती ओवाळली. दोन दिवसांत अठरा स्टड तयार झाले, सगळे एका लांबीचे, हातात घेतला तर नुसत्या वजनाने भरवसा वाटावा असे. पण स्टड जाड म्हणजे ताटल्यांतली भोकंही मोठी करायला हवीत, पाचही ताटल्यांत, एका रेषेत, आणि मधून पाण्याचे मार्ग जातात त्यांना धक्का न लावता. उत्तरेश्वर ड्रिल खाली घेण्याआधी थांबला. म्हणाला, “वैजिनाथ, एकदा खाली गेलं की वापस न्हाई. इचार कर.” मी विचार केला. साधारण एक श्वासभर. मग म्हणालो, सोड खाली. अण्णा, नव्वद भोकं. एकही वाकडं नाही.

इथपर्यंत सगळं माझ्या हिशेबाप्रमाणे झालं. पुढचं दसऱ्याचं प्रकरण मात्र तुम्ही मोकळ्या मनाने वाचावं.

खंडेनवमीला पाने, हातोडे, इंजिन, सगळ्यांची पूजा केली. इंजिनाला विभूतीचे तीन पट्टे ओढले, झेंडूची माळ घातली. दसऱ्याच्या मुहूर्तावर इंजिन जोडायचं ठरलं होतं. आता एवढं मोठं काम, आणि तेही सबंध गावाच्या दळणाचं, एकट्याने उरकणं शोभत नाही. आपल्याकडे लग्नात हळद लावायची तर पाचजणींचा हात लागतो, घराचा पाया भरायचा तर पाचांच्या हातची माती पडते. तेव्हा मी पाचजणांना बोलावलं, प्रत्येकाने आपल्या हाताने नट कसावेत म्हणून: मठाचे स्वामी, शाळेचे मुख्याध्यापक, पोस्टमास्तर, भारत (माफीचं अजून ठरायचं होतं) आणि खुद्द सुंदरराव. सुंदररावला बोलवण्यात माझा मोठेपणा होता. त्याचं तोंड बघायचं होतं असं बसम्मा म्हणते, तेही थोडं खरं आहे. जिनिंगमध्येसुद्धा दर दसऱ्याला मॅनेजरसाहेब हार घालून एक नट कसत असत. फक्त तो नट कशाचाच नसायचा, खास त्यांच्यासाठी भिंतीत ठोकून ठेवलेला होता, हे मला त्या दिवशी जरा उशिरा आठवलं.

स्वामींना नऊ दिवसांचा उपास. त्यांनी पान्याला दोन बोटं लावली, मंत्र म्हटला, आणि तीन नट कसले गेले असं आम्ही सर्वांनी मानलं. मुख्याध्यापकांनी हातरुमालात पाना धरून सावकाश, अक्षर गिरवावं तसे चार कसले. पोस्टमास्तरांनी चार. मग सुंदरराव पुढे आला. तो तरुणपणी कुस्ती करायचा. त्याने बाह्या सारल्या, कोपऱ्यातली पाइप उचलून पान्याच्या दांड्यावर चढवली, आणि असा रेटा दिला की स्टडमधून किर्र आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या हेच नडलं. कारण आता भारतची पाळी होती आणि सुंदररावापेक्षा कमी पडायची त्याची तयारी नव्हती. तो पान्यावर उभाच राहिला, दोन्ही पायांनी, आणि उड्या मारू लागला. मी पाइप सावरायला गेलो तेवढ्यात पाइप सटकली आणि माझा अंगठा भिंत आणि पाइप यांच्या मधे आला. (हीच ती हकीकत.) मी अंगठा तोंडात धरून बसलो असताना मुख्याध्यापकांना आपले चार नट फिके वाटू लागले, त्यांनी दुसरी पाळी मागितली, त्यांना दिली म्हणून पोस्टमास्तरांनी मागितली. स्वामी तेवढे शांत होते. मग नारळ फुटला, पेढे वाटले, सोनं लुटलं, आणि मी हँडल मारायला गेलो.

हँडल फिरेना. मी फिरवलं, सुंदररावने फिरवलं, भारत लोंबकळला. एका बाजूच्या ताटल्या आवळून घट्ट, दुसऱ्या बाजूला स्वामींचे तीन नट नुसत्या आशीर्वादावर. मधे ते तीन कोपऱ्यांचं सुंदर यंत्र चिमटीत सापडल्यासारखं अडकलेलं. माणसं पेढे खाता खाता हळूहळू पांगली. सुंदरराव नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन दिवस मी या समस्येवर सखोल चिंतन केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तोडगा काढला. अठराच्या अठरा नट सोडले, ताटल्या पुसून पुन्हा रचल्या, आणि ठरवलं की प्रत्येक नट सारखाच कसला गेला पाहिजे, ना मानाप्रमाणे, ना ताकदीप्रमाणे. कंपन्यांत त्यासाठी ताकद मोजणारा पाना असतो. आपल्याकडे गिरणीतला हुकाचा काटा आहे, तो पिशवी अडकवून वजन करायचा, स्प्रिंगचा. फूटभर लांब पाना घ्यायचा, त्याच्या टोकाला काट्याचा हुक अडकवायचा, आणि काटा ओढायचा. सुई पाचावर आली की थांबायचं, पुढचा नट. मधल्या नटांपासून सुरुवात, मग समोरासमोरचे, असं करत बाहेर. सगळे पाच किलोवर आले की दुसरी फेरी दहाची. मग तिसरी, चौदाची. अण्णा, ते बघण्यासारखं होतं. बसम्माच्या काट्यावर आजवर कुणाच्या पिशवीत मूठभर इकडचं तिकडे झालेलं नाही, तसंच हेही. कुणाशी बोलायचं नाही, नजर सुईवर, पदर खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. चौदाच्या रेषेला सुई टेकली रे टेकली की हात सैल. अठरा वेळा, आणि प्रत्येक वेळी तीच रेष. मग मी हँडल एका हाताने, डाव्या हाताने, फिरवलं, आणि इंजिन लोण्यात फिरावं तसं फिरलं.

गेल्या गुरुवारी पायलीभर ज्वारी एकदम ओतली. मग मुद्दाम दीड पायली. इंजिन कण्हलं नाही, थेंबभर पाणी उतरलं नाही, ताटल्या जागच्या हलल्या नाहीत. सुंदरराव रस्त्यावरून बघत होता, तो आत आला आणि एकेका स्टडवर बोट ठेवत गेला. “कमाल केली गड्या,” म्हणाला. तर अण्णा, अशी वस्तुस्थिती आहे. शेठच्या इंजिनाला जो मूळचा दोष होता तो मी कायमचा काढला आहे, आणि या कामासाठी मी त्याच्याकडून काही मागत नाही, एवढाच निरोप त्याला द्यावा. बोल्टांची भोकं मोठी झाल्यामुळे जुने बोल्ट आता त्यात बसत नाहीत, तेव्हा परत पाठवण्याचा प्रश्न उरत नाही. उद्या सोमवारी मुख्याध्यापक सातवीचा वर्ग इंजिन दाखवायला आणणार आहेत, मी दोन शब्द बोलावं असा त्यांचा आग्रह आहे. पेट्रोलचं म्हणाल तर ते थोडंफार लागतंच, पण तो आजचा विषय नाही.

गुडघ्याला जपावं. वहिनींना लिंबागणेशच्या गणपतीचा प्रसाद याच पाकिटात ठेवला आहे, कागदाला तेलकट डाग पडला असेल तर तो त्याचा.

तुमचा नेहमीचाच,
वैजिनाथ

ता. क. – वर कार्ड उशिरा मिळालं असं लिहिलं आहे, ते पुन्हा वाचल्यावर बरोबर वाटत नाही. कार्ड बीडला जायच्या तीन दिवस आधी आलं. उत्तरेश्वर ड्रिल खाली घेताना थांबला आणि विचार कर म्हणाला, तेव्हा ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. पोस्टमास्तर सज्जन माणूस आहे, त्यांच्यावर उगाच ठपका नको.

आणखी ता. क. – काट्याच्या बाबतीत “आम्ही तोडगा काढला” असं लिहिलं गेलं आहे. ते दोन दिवस मी चिंतन करत नव्हतो, भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. काटा तिनेच आणला. मला उठवलं नाही, नुसतं विचारलं की नट कुठल्या बाजूला फिरवले की सुटतात. मी सांगितलं. मग आवाज येऊ लागला तेव्हा उठून बसलो, आणि कुठला नट आधी, कुठला नंतर, एवढंच सांगत होतो. अंगठा सुजलेला होता, हे खरं आहे, पण हातात पाना तिच्याच होता.

शेवटचं, आणि मुद्द्याचं – हे फक्त तुमच्यासाठी, बसम्माला कळता कामा नये. इंजिन पेट्रोल फार पितं. ज्वारीचा एक डबा दळायला लागतं तेवढ्या पेट्रोलात राजदूतवर बीडला जाऊन, तिथे दळून, चहा पिऊन माघारी येता येईल. राजदूतची टाकी मी गुपचूप इंजिनात रिकामी करतो आहे आणि तिला सांगतो आहे की गाडी बिघडली आहे. दिवाळीचं दळण यावर निघणार नाही. तेव्हा ते राहिलेलं डिझेल इंजिन वसुबारसेच्या आत पाठवावं, पण हे परत मागू नये. एवढी एक विनंती. यापुढे तुमचं प्रत्येक कार्ड आल्या दिवशी वाचीन.

*

अण्णा, शरणार्थ. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडं हाय, म्हणून समदं वाचलं.

पेट्रोलचं मला पहिल्याच दिशी ठावं झालं. राजदूत बिघडली म्हनत्यात आन् हातपायाला पेट्रोलचा वास. भारतसंगं सांगावा धाडला होता त्यापरमानं तुमी डिझेलचं इंजिन धाडलं, ते परवाच पोचलं. सुंदररावाच्या गोठ्यात कडब्याखाली झाकून ठिवलंय. त्यो कुनाला बोलनार न्हाई, शपथ घातलीया. उद्या पोरं येत्यात, ह्येंना भाषन करू द्या. मंगळवारी मी सांगन की अण्णाचं इंजिन आलं, आन् मंगळवारीच बसवून घेऊ. दिवाळीचं दळण चुकनार न्हाई.

पर त्ये जपानी इंजिन परत मागू नका. शेठला कायबी सांगा. जिनिंगला कुलूप लागलं तवापासून तीन वर्षं ह्यो मानूस सकाळी उठून बसायचा आन् परत भिंतीकडं तोंड करून निजायचा. इश्रांती म्हनायचा. मी कायबी म्हनलं न्हाई, म्हशी इकल्या आन् गिरणी घातली. ह्ये इंजिन आलं तवापासून पाच वाजता उठून पाने पुसत्यात. दसऱ्यानंतर दोन दिस पुन्यांदा भिंतीकडं तोंड केलं, तवा मला लई भ्या वाटलं, म्हनून काटा आनला. न्हाईतर मला नटाचं काय कळतंय.

दिवाळी झाली की त्ये इंजिन गिरणीच्या मागं टपरीत ठिवनार हाय. दर दसऱ्याला चालू करतील, बाकी वर्षभर पुसत बसतील. नट सोडून बघू नका म्हनलं तर ऐकनार न्हाईत. सोडले तर सोडले, काटा गिरणीतच हाय.

तुमची,
बसम्मा